शेवाळी पानं

१६ मार्च २०२५, रविवार

मी काय बालवाडीत जाते का? — हेच म्हटलं ह्यांना, तोंडावर. जळगावहून आले नि पिशवीतून काय काढलं तर रंगवायचं पुस्तक! मोठ्या माणसांसाठीचं म्हणे. आत नुसत्या काळ्या रेघांची चित्रं — मोर, कमळं, वेली, गोल गोल नक्षी — आणि सोबत छत्तीस पेन्सिलींचा डबा. "मन रमेल तुझं, रत्ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, मन शांत ठेवा."

डॉक्टरीणबाई बरंच काही म्हणाल्या. गेल्या महिन्यात नाशिकला त्यांनी माझी जाडजूड फाइल मिटून माझ्याच हातात दिली नि म्हणाल्या, "आता थांबू या." सतरा वर्षं झाली लग्नाला. तीनदा राहिलं, तीनदा गेलं. मग ती टेस्ट ट्यूबची इंजेक्शनं — पोट सुयांनी निळं पडलं होतं. आणि शेवटी काय, तर थांबू या! मी एक्केचाळीसची. तेव्हापासून रडतेच आहे. पिको करता करता रडते, भाकरी थापता थापता रडते. परवा गिऱ्हाइकाच्या साडीवर डाग पडला, तो धुवून इस्त्री करून द्यावी लागली.

हे बिचारे आठवडाभर जळगावला. पाइपाच्या कंपनीत सुपरवायझर, तिथंच खोली घेऊन राहतात. शनिवारी धुळ्याला येतात, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत. इथं देवपुरात मी नि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आठवड्यानं घरी यावं तर बायकोचे डोळे सुजलेले — माणूस तरी काय करेल! आणलं पुस्तक. ठेवलंय मशीनखाली.

१९ मार्च

काढलं. एक फूल रंगवलं. पोरखेळ नुसता! पेन्सिलीचं टोक तीनदा मोडलं.

२० मार्च

दुसरं फूलही रंगवलं. एकटंच बरं दिसत नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

अडीच तास मला रडू आलं नाही. घड्याळ बघून लिहितेय.

यात युक्ती आहे ती आज कळली. पेन्सिल दाबायची नाही. कडेला गडद, आत येत येत हलकं. एकावर एक तीनदा हात फिरवला की रंग भरतो. आणि रेघेच्या आत राहायचं एवढंच काम. मन बाहेर पळायला लागलं की हात चुकतो, म्हणून मनालाही आत बसावं लागतं. पंधरा वर्षं साड्यांना फॉल लावतेय, शेड मला कुणी शिकवायला नको. आमसुली, डाळिंबी, पारवा, अबोली — गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की साडी बघून फॉलचा नंबर सांगते मी. पण ते दुसऱ्याच्या साडीचं. इथं कमळ आमसुली करू की राणी, विचारणारं कोणी नाही!

शेजारच्या प्रमिलाबाई पैठणी पिको करायला घेऊन आल्या. पुस्तक बघून म्हणाल्या, "हाई काय वं रत्ना? पोरेस्नं पुस्तक?" बोलून गेल्या नि जीभ चावली. मी म्हटलं, "पोरं नाहीत ना, म्हणून मीच रंगवते." पाणी पिऊन गेल्या गुपचूप. मला जरा बरंच वाटलं! वाईट आहे मी.

आत्याबाईंचं सुरू आहेच. "बठ्ठा दिन रंग घसत बसस. डोया बिघाडशी." सगळा दिवस रंग घासून डोळे बिघडवणार म्हणे मी.

६ एप्रिल, रविवार

पहिलं चित्र पुरं झालं — कमळाचं. ह्यांना दाखवलं तर "मस्त!" — आणि पान उलटं धरलेलं. मी पोट धरून हसले. किती महिन्यांनी हसले असेन.

ह्यांना कौतुक विचारण्यात अर्थच नाही. लाल नि हिरवा एकच दिसतो त्यांना, जन्मापासून. रेल्वेत लागणार होते. लेखी पास, धावणं पास, नि डॉक्टरांनी ते ठिपक्यांचं पुस्तक पुढं ठेवलं तर आकडाच दिसेना. गेली नोकरी. बाजारात पाठवले तर अजून कच्चे टमाटे घेऊन येतात. लग्नात माझा शालू हिरवागार, नि हे वर्षभर सगळ्यांना सांगायचे, लाल शालूत काय दिसत होती! मी कधी खोडलं नाही. त्यांचे कपडे सतरा वर्षं मीच जुळवते. रविवारी पाच जोड घडी करून बॅगेत, प्रत्येकावर चिठ्ठी — सोमवार, मंगळवार. नाहीतर तपकिरी पँटवर पोपटी शर्ट घालून कंपनीत उभे राहायचे.

तरी जाताना म्हणाले, "रोज फोटो पाठवत जा. मी बघतो." बघा, काय दिसेल ते!

१४ एप्रिल, सोमवार

आज काय झालं! मोर अर्धा झाला होता, त्याचा फोटो पाठवला. दुपारी ह्यांचा मेसेज — 'मानेच्या निळ्यावरून हलका जांभळा फिरव. पिसांची टोकं फार छान.' दोनदा वाचला. फिरवला जांभळा. अगं बाई, मान चमकायला लागली!

फोन करून विचारलं, "अहो, तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "फोटो मोठा करून बघितला. आता बघायला शिकतोय."

शिकताहेत म्हणे! सतरा वर्षांनी. माझ्यासाठी.

१७ एप्रिल

'कडेची वेल शेवाळी कर, पोपटी नको. पोपटीनं मोर दबतो.' बरोबर सांगितलं. दबतच होता.

२ मे, शुक्रवार

चव्वेचाळीस डिग्री. मशीनचं लोखंड हात लावू देत नाही. दुपारी खिडकीला ओलं पोतं लावून रंगवत बसते. मुंग्यांच्या रांगेएवढ्या बारीक पाकळ्या आहेत ह्या पानावर, ठिपके सोडून सोडून रंगवायच्या.

मला वेड लागलंय, खरंच. सकाळी उठल्यावर आधी वाटतं, आज कोणता रंग? आणि मग वाटतं, आज हे काय म्हणतील? मोबाइल वाजला की छातीत धडधडतं. लग्न झालं तेव्हाही धडधडलं नव्हतं एवढं. तेव्हा ओळखच कुठं होती! आता हा माणूस माझ्या एकेका पाकळीकडे बघतो. 'इथं घाई केलीस.' — खरंच केली होती, आत्याबाई चहा मागत होत्या. 'आज हात शांत होता.' — खरंच शांत होता. हे त्यांना जळगावला बसून कसं दिसतं?

शनिवारी घरी येतात तेव्हा मात्र चित्रांचं नाव काढत नाहीत. जेवतात, झोपतात, आत्याबाईंशी हळू आवाजात बोलतात. दमतात फार. मी पण विषय काढत नाही. मेसेजमधले हे वेगळे नि घरातले वेगळे. मला दोन्ही चालतात!

१८ मे, रविवार

पुढचं पान उघडलं नि हात थांबला. घरटं. त्यात तीन अंडी.

तीनच का काढावीत त्या चित्रकारानं? दोन काढायची, चार काढायची. पान तसंच मिटलं. फोटो पाठवला, खाली लिहिलं — हे मला नाही जमणार.

हे घरातच होते, आतल्या खोलीत. तरी उत्तर सोमवारीच येईल बहुतेक. समोर बोलायची लाज वाटत असेल.

१९ मे

आलं उत्तर. 'घरटं राहू द्या. मन होईल तेव्हा रंगवा. नाही झालं तरी काही बिघडत नाही.'

द्या! रंगवा! मला रडता रडता हसू आलं. नवरा मला अहो-जाहो करायला लागला! विचारलं फोनवर, तर गडबडले. "घाईत टाइप झालं," म्हणाले. पण मला ते शब्द फार आवडले. इतक्या मायेनं मला कोणी बोललंच नव्हतं ह्या सगळ्या प्रकरणात. माझी आईसुद्धा नाही. ती म्हणाली होती, नशीब.

३ जुलै, गुरुवार

आत्याबाई जळगावला निघाल्या. "गुडघा भलता दुखस. हितेंद्रनी डाक्टर पाह्यना शे तठे." ह्यांनी तिथं डॉक्टर बघून ठेवलाय म्हणे, चांगलं आहे. पण सतरा वर्षांत मला सोडून कधी कुठं गेल्या नाहीत, आणि आता एवढ्या लगबगीनं? जुनी मऊ लुगडी काढून बॅगेत भरली, चांगली पाच-सहा. म्हटलं, एवढी कशाला? "लागतस," म्हणाल्या. मी डब्यात लाडू दिले करून.

९ जुलै

घरात मी एकटी. चार दिवस ह्यांचा एकही मेसेज नाही. आत्याबाईंच्या दवाखान्याची धावपळ असेल. दोन चित्रं पाठवली. काहीच नाही. रंगवायला गोडी वाटेना.

२१ जुलै, सोमवार

आत्याबाई आल्या. गुडघा तसाच, लंगडताहेत. पण तोंड उजळलेलं! मिठी मारली मला, हे तर आक्रीतच. लुगड्याला ओव्याच्या धुरीचा वास. म्हटलं, गुडघ्याला ओव्याची धुरी देतात का हो? "हां, तेच," म्हणाल्या नि अंघोळीला गेल्या.

मेसेज पुन्हा सुरू. 'पिवळं छान. उन्हातलं वाटतं.' आता थोडक्यात असतात.

२६ जुलै, शनिवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

परवा वेलीचं मोठं पान पुरं केलं. मेसेज आला होता — 'पानांचा शेवाळी काय जमलाय! देठाशी आमसुली झाक आहे ना, ती बघून जीव सुखावला.' ती झाक मला सोडून कुणाला दिसली नसती, इतकी बारीक होती. आज हे आले. जेवण झालं. मी पुस्तकच घेऊन गेले पुढं, लाडात. म्हटलं, "बघा ना आता खरंखुरं. तुम्हाला आवडलं ना हे?"

बघितलं त्यांनी. प्रेमानं बघितलं, तेही सांगते. बोट फिरवलं नि म्हणाले, "ही लाल पानं फार छान आलीत."

लाल.

मी म्हटलं, "आणि देठाशी?" म्हणाले, "देठाशी काय?"

मी पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. डोळा कधी शिकतो का गं बये! रेल्वेचा डॉक्टर सांगून गेला होता, हे बदलत नसतं. मला माहीत होतं. मीच तर कपडे जुळवते. कौतुक हवं होतं म्हणून अक्कल गहाण टाकली मी. चार महिने!

आमसुली म्हणजे काय ते ह्या माणसाला माहीत नाही. तो शब्द त्यांच्या तोंडात कुणीतरी दिलाय. फोटो कुणीतरी बघतं. साड्या नेसणारं कुणीतरी.

२७ जुलै

कपाटातून शर्ट काढायला गेले तर बॅग आधीच भरलेली, जळगावहून तशीच आलेली. पाच जोड. सगळे नीट जुळलेले. चिठ्ठ्या नाहीत.

विचारलं नाही. भीती वाटते. विचारलं नाही तोवर काहीही असू शकतं — कंपनीतली कोणी मॅडम, घरमालकीण, कोणीही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

परवा कानबाई बसायची, आमची श्रावणातली खानदेशी देवी. आज गहू काढायचे होते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं नि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्याच पिठाचे नैवेद्याचे रोट. आमच्या घरात मुठी तीनच — हे, धाकटे दीर भूपेंद्र, नि भूपेंद्रभाऊंचा पियुष. सासरे होते तेव्हा चार होत्या. दरवर्षी आत्याबाई टाकतात, मी सूप धरते.

आजही मी सूप धरलं होतं. "हितेंद्रनी," टाकली. "भूपेंद्रनी," टाकली. "पियुषनी," टाकली. मी सूप उचलायला गेले तर आत्याबाईंचा हात पुन्हा गव्हात. चौथी मूठ. नाव घेतलं नाही, नुसते ओठ हलले. आणि वर पावमूठ, नीट मोजून.

"चौथी कुणाची, आत्याबाई?"

त्या दचकल्या. देवाचं काम करताना हात खरा तोच हिशेब करून गेला होता. खोटं बोलायचं राहून गेलं. म्हणाल्या, "गप ऱ्हाय. कानबाईना गहू शेतस."

"म्हणूनच विचारते. कानबाईच्या गव्हात खोटी मूठ चालत नाही. कुणाची?"

मग रडायला लागल्या. सूप माझ्या हातात तसंच. "हितेंद्रले आंडोर व्हयना. मी काय करू वं माय? नातू शे मना."

आंडोर. मुलगा. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं, ही अहिराणी कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली होती. नसतीच कळली तर किती बरं झालं असतं.

जुलैच्या पाच तारखेला झाला म्हणाल्या. मी बोटांवर मागं मोजत गेले. ऑक्टोबर. दसऱ्याच्या सुमारास. तेव्हा माझी इंजेक्शनं चालू होती. रोज नाशिकला जाणं व्हायचं नाही म्हणून नर्सबाईंनी ह्यांना शिकवलं होतं, आणि महिनाभर रजा काढून हे रोज सकाळी माझ्या पोटाला सुई टोचत होते. "दुखलं का गं?" विचारायचे. मधल्या दोन रविवारी कंपनीचं काम आहे म्हणून जळगावला जाऊन आले होते.

मऊ लुगडी बाळाच्या दुपट्यांसाठी होती. धुरी बाळंतिणीची होती. लाडू मीच करून दिले.

आजपासून ह्या वहीत 'हे' नाही. तो.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. सगळे भाऊबंद घरात. मोठी सून मी, चौरंग मी सजवला, आरती मी धरली. बायकांनी फुगडीला ओढलं, फुगडी पण घातली. देवी घरात असताना भांडण करायचं नाही म्हणून गप्प राहिले. तो समोर उभा राहून टाळ वाजवत होता. भूपेंद्रभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे त्यांना पण माहीत. म्हणजे मीच तेवढी राहिले होते.

रोट घरच्यांनीच खायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. विसर्जनाआधी आत्याबाईंनी चार रोट फडक्यात बांधून त्याच्या बॅगेत ठेवले. घरचेच म्हणून.

५ ऑगस्ट

जेवले नाही.

६ ऑगस्ट

आत्याबाई ताट घेऊन आल्या. "तुले कोणी हाकली नही ऱ्हायनं. तू मोठी शे. मोठीच ऱ्हाशी." जणू नोकरी आहे, नि हुद्दा शाबूत ठेवलाय! ताट परत दिलं. मग त्या दाराबाहेर बसून रडत राहिल्या, आणि मला त्यांचंही वाईट वाटलं. तीन वेळा माझी बाळंतपणं वाया गेली तेव्हा ह्याच बाईनं मला न्हाऊ घातलं होतं. राग तरी एकाच माणसाचा यावा ना! सगळ्यांचाच येतो नि सगळ्यांचीच कीव येते.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. तो आला. हातात साडीचा खोका. "तुझ्यासाठी." उघडला — आमसुली, पोपटी काठ. माझ्या जिवाचा रंग. सतरा वर्षांत त्यानं मला कधी साडी निवडून आणली नव्हती, पैसे देऊन म्हणायचा, तूच घे.

"कुणी निवडली?" म्हटलं.

तो खोक्याचं झाकण परत लावायला लागला.

"आमसुली म्हणजे कोणता रंग ते सांग. सांग, मी नेसते आत्ता."

मग बसला खाली. सारिका नाव तिचं. जळगावला चित्रकलेचा क्लास घेते. तिचे वडील ह्याच्या कंपनीत होते, ते वारले, मग जाणं-येणं. देवळात माळा घातल्या दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षं! "मी तुला सोडणार नाही रत्ना. दोन्हीकडे बघेन. तुला काही कमी पडू देणार नाही."

मी विचारलं, "माझी चित्रं कोण बघायचं?"

"तीच. मी मोबाइल धरायचो, ती सांगायची, मी लिहायचो. तिला तुझा हात फार आवडतो. पुस्तक पण तिनंच निवडलं होतं."

बायको आहे, मूल आहे, हे सगळं मी दगड होऊन ऐकत होते. ह्या एका वाक्यावर मात्र मोडले. मी त्याच खुर्चीत बसले जिथं बसून पिको करते.

"तिला काय सांगितलंस, ही चित्रं कोण काढते? मी कोण म्हणून सांगितलंस?"

उठला. बुटाची नाडी बांधायला लागला. तीनदा विचारलं. नाडी बांधून झाली तरी वाकूनच होता. मग आईला हाक मारली, येतो म्हणाला नि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. साडी खोक्यासकट रस्त्यावर फेकली मी, अख्ख्या गल्लीनं बघितलं. प्रमिलाबाईंनी उचलून आणून ओट्यावर ठेवली.

११ ऑगस्ट

घरट्याचं पान उघडलं. काळी पेन्सिल घेतली नि सगळं काळं केलं — घरटं, फांदी, अंडी, आभाळ. रेघ बिघ काही पाळली नाही. पेन्सिल संपली.

बरं वाटलं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

कुणाला सांगायचं नाही ते इथं लिहिते. मला त्याची आठवण येत नाही. त्याच्या जागी रागच आहे नुसता. आठवण येते ती मेसेजची. दुपार झाली की मोबाइलकडे बघते. 'आज हात शांत होता.' कोण म्हणालं होतं ते? सवतीनं म्हटलं होतं! मी चार महिने नवऱ्याच्या प्रेमात पडले असं समजत होते, नि माझ्याशी गोड बोलत होती ती पोटुशी बाई. तिच्या पोटात सहावा-सातवा महिना, नि ती बसून माझ्या मोराची मान बघत होती. आणि मला म्हणाली, मन होईल तेव्हा रंगवा.

तिला सगळं माहीत असून म्हणाली का? की हसत होते दोघं मला? ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी जगणार कशी? दोघं हसत असतील तर मी त्या बाईचा जीव घेईन. हसत नसतील तर काय करेन, ते मला कळत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

तो आला नाही. फोनही नाही.

माझा भाऊ प्रेमराजदादा मुक्ताईनगरहून आला. कुणीतरी सांगितलं त्याला. चहा न घेता म्हणाला, "सामान भर. वकील बघू." मी म्हटलं, आठ दिवस दे. "आता कशाची वाट बघतेस, रत्ना?" म्हणाला. काय सांगणार? त्याला कसं सांगू की घर सुटेल, नवरा सुटेल, ते सगळं सोसेन — पण मला एवढंच कळायला हवंय की तिला मी कोण आहे.

पाच गिऱ्हाइकांच्या साड्या पडून आहेत. उद्या त्या उरकते. मशीन बरोबर नेईन, ते माझ्या माहेरचं आहे.

१८ ऑगस्ट

तीन साड्या झाल्या.

२० ऑगस्ट, बुधवार

अकरा वाजता अनोळखी नंबर. बाईचा आवाज, घाबरलेला, गोड.

"ताई, मी सारिका बोलते. तुमची वहिनी. ह्यांच्या मोबाइलमधून गुपचूप नंबर घेतला, रागावू नका. हे म्हणतात, माझ्या बहिणीला नवऱ्यानं टाकलंय, ती कुणाशी बोलत नाही, नुसती चित्रं रंगवते, तिला त्रास द्यायचा नाही. आईसुद्धा तेच सांगतात. पण ताई, रविवारी बाळाचं बारसं आहे. नाव आत्यानंच ठेवायचं असतं ना? तुमच्याशिवाय कोण ठेवणार?"

मागे बाळ रडत होतं.

"येते," मी म्हटलं. "रविवारी नक्की येते."